रेंज नानांच्या खिडकीतच येते

गटातल्या मंडळींनो, आज सोनगीरहून लिहितोय, थकून.

बातम्या पाठवायला ऑफिसने लॅपटॉपमध्ये खोचायचं मोबाइल डेटा कार्ड दिलंय. पुस्तिकेतला वेग आणि वॅट तेवढे मी पाहिले होते. शेवटचं पान आज वाचलं: अँटेना शरीरापासून वीस सेंटिमीटर दूर ठेवा, पेसमेकर असल्यास अधिक जपा.

माझ्या वडिलांना, नानांना, पेसमेकर आहे. आठवडाभर मी त्यांच्या उशाशी बसून बातम्या पाठवल्या, कारण रेंज त्याच खिडकीत येते.

सांगितलं तेव्हा नानांनी उशीपासून वीत टाकून पाहिली. "इतलंच ना? मी भाईर बसस. तू तुनं काम कर."

त्यांची खाट अंगणात काढली, मग बातमी गेली. खाट आत घ्यायला गेलो, तर म्हणाले, "आठेच, भाईर राहू दे. उद्या परत बातमी धाडनी शे ना?"

तुम्ही शेवटचं पान कधी वाचता?