नैऋत्येला आत्याचं गाव

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वीस वर्षं लष्करात काढली, पण मोटरसायकल काही ते शिकले नाहीत. आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. कोल्हापुरात कुठंही जायचं झालं की माझ्या मागं बसतात, एक हात खांद्यावर ठेवतात आणि मला रोजचाच रस्ता सांगत राहतात.

गेल्या हिवाळ्यात आत्याकडं जायचं ठरलं. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. राधानगरीच्या अलीकडं, भोगावतीच्या काठावर तिचं गाव. नेहमीच्या रस्त्यावर त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, म्हणून आबांनी आतल्या वाटेनं जायचं काढलं.

"मोबाइलवर बघतो," मी म्हणालो.

"मोबाइल ठेव खिशात. गाव नैऋत्येला हाय. दिशा धरली की पोचतंय माणूस."

त्यांनी कपाटातनं पितळी होकायंत्र काढलं. निवृत्त होताना हौसेनं विकत घेतलेलं. आई गेल्यापासून दोन वर्षं आबा कशातच फारसं मन घालत नव्हते, सगळ्याला 'बरं' म्हणत होते. त्या सकाळी त्यांचा आवाज जुन्या हवालदाराचा झाला होता. मी मुकाट्यानं किक मारली.

पहिल्याच फाट्यावर घोळ झाला. आबा मागं बसून तळहातावर होकायंत्र धरून बघत होते आणि काटा भलतीकडंच वळत होता. सूर्य डाव्या हाताला, आणि काट्याचं ऐकलं तर आम्ही वायव्येला, पन्हाळ्याकडं निघालो होतो.

"गाडीचं लोखंड वडतंय त्याला. थांब," आबा म्हणाले.

ते उतरले. मोजून पंधरा पावलं लांब गेले, होकायंत्र छातीशी धरून स्थिर उभे राहिले आणि मग हात लांब करून दिशा दाखवली. पुढं प्रत्येक फाट्यावर हेच. मी गाडी बंद करायची, त्यांनी पंधरा पावलं चालायचं. गुडघे दुखतात म्हणून घरचा जिना टाळणारा माणूस त्या सकाळी किती वेळा चढला-उतरला, मी मोजलं नाही.

चौथ्या की पाचव्या फाट्यावर, आबा असे उभे असताना, बांधावर वैरण कापणारी एक बाई विळा हातात घेऊन जवळ आली. शेजारच्या रानातनं दोघं गडीही आले.

"सायेब," बाई म्हणाली, "रस्ता आमच्या रानातनं काढणार काय?"

आबांना आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की लोक त्यांना मोजणीचा अधिकारी समजतायत.

"न्हाय वो बाई. बहिणीकडं चाललोय."

"मग इचारायचं की कुणाला तरी," बाई म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. गावाचं नाव ऐकून तिनं मान हलवली. "हिकडनं सरळ गेलासा तर नदी लागंल, पावणं."

आबांनी मान डोलावली, होकायंत्र मिटलं आणि मला म्हणाले, "सरळ घे."

नदी लागली. रस्ता एका पाणवठ्यावर येऊन संपला. समोर, पाण्यापलीकडं, आत्याच्या गावची निळी पाण्याची टाकी अगदी नाकासमोर दिसत होती.

"दिशा चुकली न्हाय," आबा म्हणाले. मीही ते कबूल केलं.

मग आत्याला फोन करायला मोबाइल खिशातनं काढावा लागलाच. दहा मिनिटांत आत्या पदर खोचून पलीकडच्या काठावर आली.

"दादा, तिकडं काय करतोस?"

"तुझ्याकडं आलोय."

"मग हिकडं ये की!"

पण लगेच कुणी हललं नाही. आबा इकडच्या दगडावर बसले, आत्या तिकडच्या. पाऊण तास दोघं ओरडून ओरडून बोलली. गुडघ्यांचं दुखणं, ऊसतोडीला न आलेली टोळी, नातीची नोकरी. मधेच आबा आईबद्दल बोलले. घरात ते हे कधी बोलत नाहीत. जेवायला वाढून घेताना अजूनही दोन ताटं काढतो, असं त्यांनी नदीवरून ओरडून सांगितलं. आत्या दगडावरनं उठून पाण्याच्या कडेला आली. मग म्हणाली, "आज माझ्यात जेव. आठ दिवस ऱ्हा."

पाण्याची मोटार चालू करायला आलेल्या एका शेतकऱ्यानं मग वरच्या अंगाला बंधारा असल्याचं सांगितलं. बंधाऱ्याची वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना पाणी. आबा उतरले आणि माझ्या पुढं चालत राहिले, मागं न बघता हातानं 'ये, ये' करत. मी पहिल्या गियरवर त्यांच्या मागनं.

आत्याच्या अंगणात पोचेपर्यंत जेवणवेळ होऊन गेली होती. नदीकाठचं बोलणं निम्म्या गावानं ऐकलं होतं, त्यामुळं शेजारची एक म्हातारी गुडघ्याला लावायचं तेल घेऊन आधीच येऊन बसली होती. आबांनी तिच्याकडनं तेलाची कृती समजून घेतली आणि तिसरी भाकरी मागून घेतली.