चौकटीचा शर्ट

आमच्या नाहूरच्या सोसायटीत हळदीकुंकवाच्या संध्याकाळी महिला मंडळाचं एक विनोदी नाटुकलं असतं. पंधरावीस मिनिटांचं, आणि पुरुषांची कामंही बायकांनीच करायची. पुरुषांनी खुर्च्या मांडायच्या, मसाला दूध वाटायचं आणि हसायचं, अशी जुनी वाटणी आहे. नाटुकलं कुणी लिहीत नाही. घरी अर्धवट टाकून आलेली भांडणं बायका तालमीत पुढे चालू करतात आणि मी त्याला सुरुवात आणि शेवट जोडते. पडदा ओढायचं कामही माझंच.

त्या वर्षी नवऱ्याचं काम करणारी बाई मुलीच्या बाळंतपणाला गेली. तिच्या जागी जी उभी केली ती खुर्चीत अगदी अंग चोरून बसत होती. माझ्या सासूबाई तालमीला फक्त चहा घेऊन आलेल्या. त्यांना ते बघवेना. "नवरो असो नाय बसत," म्हणत त्यांनी तिला उठवलं, स्वतः बसल्या, एक पाय वर घेतला, घसा खाकरला आणि हाक मारली, "गो, आयकलंस?"

हॉलमधल्या सगळ्या बायका हातातलं टाकून बघायला लागल्या. खुर्चीत माझे सासरे बसले होते.

सासरे आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. तिथे कुठला बोल्ट कुठल्या खणात, हे ते डोळे मिटून सांगायचे म्हणे. घरी मात्र त्यांना समोरचा टॉवेल दिसत नाही. माणूस वाईट नाही. मला त्यांनी कधी आवाज चढवून बोललेलं आठवत नाही. पण दिवसभरात ते जे काही बोलतात त्यातलं निम्मं 'गो, आयकलंस? चष्मो खंय?' एवढंच असतं. सासूबाई मग पीठ मळत असोत की आंघोळीला निघालेल्या असोत, "येतंय, येतंय" म्हणत येतात आणि त्यांच्या नाकासमोरची वस्तू उचलून हातात देतात. लग्न होऊन मी बोरिवलीहून इथे आले तेव्हापासून हे बघतेय. सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली, आणि सवय झाल्याचा राग यायला लागला.

हळदीकुंकवाच्या दुपारी सासरे त्यांचा चौकटीचा शर्ट शोधत होते. "असात थंयच, बगा," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. शर्ट माझ्या पिशवीत होता आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. शेवटी सासरे पांढरा शर्ट घालून खाली आले आणि पुढेच बसले.

नाटुकल्यात नवरा झालेल्या सासूबाई स्टेजवर आल्या त्या तो शर्ट घालूनच. कपाळावर स्वतःचाच चष्मा चढवलेला, आणि तोच शोधतायत. टेबलावर बघितलं, खुर्चीखाली बघितलं, बायको झालेल्या बाईचा अंबाडासुद्धा चाचपला. लोक हसून हसून बेजार. घरात तोंडाला पदर लावून हसणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे सगळ्यांना हसवत होत्या आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मला फार आनंद झाला. मग पडद्याआडून मी सासऱ्यांकडे बघितलं. ते बायकोकडे बघतच नव्हते. शर्टाच्या खिशावर शाईचा जुना डाग आहे, त्याच्याकडे बघत होते. शेवटी सगळ्यांबरोबर त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ. सासरे खाली दूध आणायला गेले तर जो तो विचारतोय, "काय काका, चष्मा मिळाला ना?" त्या दिवसापासून त्यांनी घरात काही मागणं बंद केलं. टॉवेल स्वतः घेतात, पाणी स्वतः ओततात, साखरेसाठी सगळे डबे उघडून बघतात, पण विचारत नाहीत. मला वाटलं, चला, सासूबाईंची सुटका झाली. तर त्या अधूनमधून हात पुसत बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. हाक आलेली नसायची. परत जायच्या.

तेवढ्यात मुलुंडच्या एका हॉलमधल्या स्पर्धेसाठी आमचं नाटुकलं निवडलं गेलं. सासूबाईंनी सरळ नकार दिला. "माका नको तां नाटक. त्येंका वायट वाटला."

"आई, जन्मात पहिल्यांदा तुम्ही स्वतःसाठी काहीतरी केलंत," मी जरा तडकूनच म्हटलं. "आता तेही त्यांच्यासाठी सोडणार?"

"तुका नाय कळाचा," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. त्या आल्या नाहीत तर नाटुकलं होणारच नव्हतं. पण मला त्याची फिकीर नव्हती. तो फुललेला चेहरा मला पुन्हा बघायचा होता.

स्पर्धेला थोडे दिवस उरले तेव्हा सासरे इस्त्रीवाल्याकडून आले. हातात तोच शर्ट, कडक घडीचा. सासूबाई समोरच होत्या, पण शर्ट त्यांनी माझ्या हातात दिला. "तिका सांग," म्हणाले, "मी चष्मो आधी खिशात शोधतंय, मगे टेबलार. ती टेबलापासून सुरवात करता. चुकता."

सासूबाईंनी मान वर केली नाही. पण संध्याकाळी तालमीला माझ्याआधी जाऊन बसल्या होत्या, आणि आधी खिसा चाचपत होत्या.

नाटुकल्याचा शेवट असा होता की बायको वैतागून निघून जाते, नवरा रिकाम्या घरात हाका मारतो, कुणी येत नाही, आणि पडदा. मुलुंडला सगळं झकास चाललं होतं. सासूबाईंनी पहिली हाक मारली, "गो, आयकलंस?" ठरल्याप्रमाणे शांतता. दुसरी हाक जरा हळू. पुन्हा शांतता. तिसरी हाक मारताना त्यांचा आवाज कापला. तालमीत तो कधी कापला नव्हता.

"येतंय, येतंय."

आवाज प्रेक्षकांतून आला. सासरे खुर्चीतून अर्धे उठले होते, गुडघ्यावर हात टेकून, खरंच निघाल्यासारखे. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. हॉल हसून कोसळला.

सासूबाई हसल्या नाहीत. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी डोळ्यांवर घेतला आणि अंधारात त्यांना शोधलं. मग नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "बसा तुमी. चष्मो गावलो."

पडदा ओढायची दोरी माझ्या हातात होती. मी ती तशीच धरून रडत उभी राहिले.