पन्हाळा रोडवरचं घर

बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं, "आधी कर्जाची मंजुरी घ्या, मग घर बघा." त्यामुळं घर ठरायच्या आधीच मंजुरीचं पत्र हातात आलं. त्याची मुदत सहा महिन्यांची होती. लग्नानंतरची अकरा वर्षं आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. आता दर रविवारी मी आणि बायको मोटारसायकलवरून घरं बघत फिरू लागलो.

पन्हाळा रोडला एका म्हाताऱ्या सुतारचाचांचं घर विकायचं होतं. दारं-खिडक्या त्यांनी स्वतः केलेल्या. बायको स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. "ओटा खिडकीकडं घेऊया," ती आतूनच म्हणाली. मी उठायला लागलो, तर चाचा म्हणाले, "बसा की पावणं. बघू दे त्यांना सावकाश."

सौदा ठरला. पण विसार द्यायला गेलो, त्या दिवशी चाचा दारातच उभे होते. "लेक परत आलीया, पोरांना घेऊन. आता कायमचीच," ते खाली बघत म्हणाले. "घर इकता येत न्हाय." बायकोनं आत उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर हाय चाचा तुमचं."

मुदत संपायच्या आत आम्ही दुसरीकडं फ्लॅट घेतला. चांगला आहे, हवेशीर आहे. तरी पन्हाळ्याला जाताना त्या घरापाशी बायको माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि मी गाडी हळू करतो.