परत आलेलं पार्सल आणि नाणे मावळातली संकष्टी

टपालानं पार्सल परत आलं, त्यात होतं ते असं. दोन फ्रॉक, साडेसहाशेचे. दप्तर तीनशे ऐंशीचं. पाण्याची स्टीलची बाटली एकशे साठ, रंगपेटी साठ, आणि सोलापुरी चादर, घासाघीस करून दोनशे चाळीसला घेतलेली. कशाचीही घडी मोडलेली नव्हती. वर चिठ्ठी होती: "काकू, साक्षीची आई म्हणते, पोरगी घरी राहायला येईल तेव्हा तिच्या अंगावरचा पहिला कपडा माझ्या पैशाचा असेल. मला ते पटलं, म्हणून परत पाठवते. राग मानू नये. जमलं तर येऊन बघून जा. अर्चना."

अर्चना म्हणजे आमच्या सासवडच्या भजनी मंडळातल्या कुसुमवहिनींची भाची. लोणावळ्यात एका संस्थेत केस वर्कर आहे. केस वर्कर म्हणजे गरिबांना वस्तू वाटणारी बाई, अशी आमची समजूत. म्हणून तिच्याकडच्या एका मुलीसाठी मंडळानं वर्गणी काढून पार्सल धाडलं होतं. ते परत आल्यावर मंडळात नाकं मुरडून झाली. मला मात्र राहवेना. नवंकोरं दप्तर परत करणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती.

आमचे हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी द्या की. त्यासाठी लोणावळा कशाला?"

"कार्ल्याच्या एकवीरेचं दर्शन पण होईल," मी म्हटलं. देवीचं नाव आल्यावर हे गप्प बसतात.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे, मी इथं कमी खर्चातल्या देवदर्शनाच्या सहली लिहिते आणि लेक टाईप करून देते. या वेळी मात्र फोटो नाहीत. माणसांची नावंही बदलली आहेत आणि वाडीचं नाव लिहिलेलं नाही. अर्चनाची तशी अट होती.

निघायचा दिवस नेमका मार्गशीर्षातल्या संकष्टीचा आला. डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली. सासवड ते स्वारगेट एसटीचं अर्धं तिकीट, पुढं सिटी बसनं पुणे स्टेशन आणि तिथून लोणावळा लोकल. कामशेतपर्यंतचं तिकीट एका वडापावच्या पैशात येतं. एक लक्षात ठेवा, भर दुपारी या मार्गावर बराच वेळ गाडी नसते, तेव्हा सकाळचीच धरा. माझ्यासमोर दोघी जणी बोलत बसल्या होत्या. एकीनं मध्येच दचकून विचारलं, "बेगडेवाडी आली का गं?"

"आली बी आन् गेली बी. तू सांग सुनेचं गाऱ्हाणं, आता घोरावाडीला उतर."

कामशेतला फलाटावर अर्चना उभी होती. तिशीची असेल, पायात साधी चप्पल, पाठीला सॅक. शेजारी नऊ वर्षांची साक्षी. लोणावळ्याच्या बालगृहातून तिला घेऊनच ती आली होती. पोरीनं हात जोडून "नमस्कार काकू" म्हटलं आणि माझी पिशवी घ्यायला हात पुढं केला. मला ती फारच आवडली.

स्टेशनबाहेरून नाणे मावळाकडे जीप जातात. माणशी तीस रुपये. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि मावळात जीप भरली कधी हे फक्त ड्रायव्हरला कळतं. मांडीवर कुणाचा तरी कोंबडा घेऊन आम्ही फाट्याला उतरलो. तिथून वाडीपर्यंत चालायचं. भात कापून झालेलं होतं, खाचरांत नुसते बुडखे, आणि कुठं कुठं झोडणीचा आवाज. साक्षी पुढं गेली तशी मी अर्चनाला विचारायला सुरुवात केली.

साक्षीची आई मंगल. नवरा वारला, मग हिला क्षय झाला. औषध मध्येच सुटलं आणि तिनं अंथरूण धरलं. पोरगी शाळा सोडून स्वयंपाकपाणी, आईचं सगळं करायला लागली. तेव्हा बालकल्याण समितीनं साक्षीला बालगृहात ठेवलं. तेव्हापासून अर्चना दोन्हीकडं येजा करते आहे. मंगलचं औषध पुन्हा सुरू करून पुरं करून घेतलं. रेशनकार्डावर नाव लागलं. छपराला पत्रे आले, वाडीच्या शाळेत जागा ठेवली. आता मंगल गुलाबाच्या पॉलिहाऊसात रोजानं जाते.

"मग अडलंय कुठं?"

"साक्षी घरी आली की फार शहाण्यासारखी वागते," अर्चना म्हणाली.

"चांगलंच आहे की."

"काकू, परक्याच्या घरी तुम्ही कशा वागता? तशी वागते ती. भूक लागली म्हणत नाही. बालगृहातून बिस्किटाचा पुडा आणते, तोच खाते आणि गुपचूप बसते. मंगल तिला रागवत नाही. घाबरते. पोरगी पुन्हा जाईल म्हणून."

"मग तू कशाची वाट बघतेस?"

"ही आईकडं हट्ट करील त्याची. मूल पाहुण्यासारखं वागतंय तोवर घर तयार आहे असं मी लिहीत नाही." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "आज पहिल्यांदा रात्री राहायची परवानगी मिळाली आहे. आजही असंच झालं तर समिती म्हणेल, राहू दे अजून तिकडंच. आणि जितकं राहील तितकी ही पोरगी आईला विसरत जाईल."

हट्ट करू नये म्हणून मी दोन लेकरं धाकात वाढवली. ही बाई वर्षभर हट्टाची वाट बघते आहे, हे मला नवंच होतं.

मंगलचं घर वाडीच्या टोकाला, मागं उभा डोंगर. कुडाच्या भिंती ताज्या सारवलेल्या, वर नवे पत्रे. "या मावशी," म्हणून तिनं पाणी दिलं, काळा चहा दिला. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. भिंतीवर खिळ्याला नारिंगी फ्रॉक टांगलेला, कामशेतच्या बाजारातला. आमचं पार्सल परत आलं ते याच्यासाठी. साक्षीनं तो काढला, "छान आहे, थँक्यू" म्हणाली आणि नीट घडी घालून आपल्या सॅकमध्ये ठेवला. मंगल रिकाम्या खिळ्याकडं बघत राहिली.

मग तिनं पानं मांडली. झोडणीला गेली होती तिथं मजुरीत मिळालेला नवा इंद्रायणी तांदूळ, वालाची आमटी, नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी. माझ्यापुढं ताट आलं आणि मी अगदी सवयीनं बोलून गेले, "मला नाही चालायचं गं, माझा उपवास आहे."

मंगलनं ताट उचललं.

"व्हय. आमच्याकडं आल्यावरच लोकांना उपास आटवतो."

"अगं, खरंच आहे."

"खंडाळ्याला बंगल्यावर भांडी घासत व्हते, तवा बाईसायेबांना घरच्या पूजेचा परसाद नेलता. लय गोड हासून घेतला त्यांनी. संध्याकाळी मोरीत दिसला मला." हे ती रागानं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं सांगत होती. "तुमी चहा पिला, त्येच लय झालं."

साक्षी खाली मान घालून बिस्किटाचा पुडा सोडायला लागली. मी पिशवीत हात घातला होता, खिचडीचा डबा काढून दाखवावा म्हणून. दाखवला असता तर उपवास खरा ठरला असता आणि मी घरून स्वतःचं अन्न बांधून आले होते हेही. हात तसाच बाहेर काढला.

"मंगल," मी म्हटलं, "संकष्टी चंद्र बघून सोडायची असते. ती मी तुझ्या घरी सोडते. नैवेद्य तुझ्या या भाताचा. चालेल का तुला?"

"आन् तुमची गाडी?"

"गाड्या काय, रोज असतात."

अर्चनाचा बेत वेगळा होता. संध्याकाळच्या जीपनं आम्ही दोघींनी निघायचं आणि मायलेकींना घरात एकटं सोडायचं. तरी ती म्हणाली, "थांबू या. पण जेवण झालं की लगेच निघायचं काकू. रात्र त्या दोघींची."

दुपारभर मी बघत होते, ही केस वर्कर करते तरी काय. वही काढली नाही, तपासणी केली नाही. उंबऱ्यावर बसून वाल सोलले. शेजारच्या आजीला हाक मारून, रात्री गरज पडली तर मंगल आवाज देईल, एवढं ठरवून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, "हंडा भरलेला दिसला, चूल पेटलेली दिसली. अजून काय विचारू?" मला मंगलनं गुलाबाचं सांगितलं. पहाटे कळी मिटलेली असतानाच कापायची. लग्नसराईत दम खायला सवड नसते.

"आन् तुमी घरी काय करता मावशी?"

"संसार. आणि हिशेब लिहिते."

"आमाला लिवाय काय ऱ्हातंच न्हाई," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

तिन्हीसांजेला तिनं तांब्या चिंचेनं घासला. पाटावर सुपारीचा गणपती बसवला. मोदकांना नारळ नव्हता, म्हणून भाताच्या मुदीवर गुळाचा खडा ठेवला. कॅलेंडरात चंद्रोदय आठाच्या पुढं दिला होता. ती वेळ टळून गेली तरी आकाशात काही नाही. चंद्र बघायला साक्षीला अंगणात बसवलं होतं. तिनं तिथूनच आवाज दिला, "आमच्याकडं उशिरा येतो काकू. डोंगर आडवा हाय."

मी घरून निघताना डोंगराचा हिशेब धरला नव्हता. आणखी वेळ गेला. गारठा वाढला. भाताचा वास घरभर. दुपारचा बिस्किटाचा पुडा केव्हाच संपला होता.

"मला भूक लागलीय," साक्षी दारात येऊन म्हणाली.

"थांब वाईच. पावनी सकाळधरनं उपाशी हाय," मंगल म्हणाली.

"मला आत्ता पायजे."

"आन् थंडीत काय हुबी ऱ्हायलीस? त्यो फ्रॉक घाल वरनं."

"न्हाई घालनार. ढगळा हाय. मला न्हाई आवडला."

त्या फ्रॉकसाठी मंगलनं किती दिवस काटे सोसले असतील. "अगं, तिला वाढ आधी," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात अर्चनानं माझा हात घट्ट दाबला. मी तोंड मिटलं.

"ढगळा हाय म्हंजी दोन वरीस जाईल," मंगलचा आवाज चढला. "पैशे काय झाडाला लागत्यात? आन् पाय आपटू नगं माज्या सारवनावर."

साक्षीनं दोन्ही पाय आपटले, एकेक करून, नीट. मग अंगणात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली आणि भोकाड पसरलं. मंगल चुलीपाशी तशीच उभी राहिली. अर्चनाकडं तिनं एकदा बघितलं. अर्चना वालाची टरफलं गोळा करत होती, मान वर केली नाही. तेव्हा मंगलनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि बाहेर गेली.

"घे. नाकावर राग घिऊन बसलीया. तुज्या बापाचाच."

"नगं मला."

"नगं तर नगं. कोंबडीला घालते."

थोड्या वेळानं चावण्याचा आवाज आला.

डोंगराच्या खांद्यावरून चंद्र वर आला तेव्हा साक्षी आईच्या मांडीवर होती, नारिंगी फ्रॉक अंगात, बाह्या कोपराखाली लोंबत. मी अर्घ्य दिलं, आरती म्हटली. साक्षीला आरती पाठ होती. मग मंगलनं मला वाढलं आणि मी पोटभर जेवले. नव्या तांदळाचा तो भात इतका मऊ होता की चटणी नसती तरी चाललं असतं.

वाडीतल्याच जीपवाल्याला अर्चनानं बोलावून ठेवलं होतं, कामशेतपर्यंत दोनशे रुपये. वाटेत अंधारातच ती म्हणाली, "काकू, ढगळा." आणि हसायला लागली. डोळेही पुसत होती. मी विचारलं, आता झालं ना सगळं? म्हणाली, "आज एक दिवस झाला. उद्या सकाळी तिला परत न्यायचंय, त्याचं आईला काय होतं ते बघायचं. मग अहवाल, मग समिती ठरवणार. घरी आली तरी मी येत राहणारच."

त्या रात्री लोणावळ्याला अर्चनाच्या खोलीवर झोपले. सकाळी ती वाडीकडं गेली आणि मी मळवलीला उतरून शेअर रिक्षानं कार्ल्याला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायऱ्या उन्हाच्या आत चढाव्यात. देवीपुढं उभी राहिले आणि मागायचं काय ते सुचेना. पोराबाळांना सुबुद्धी दे, हे माझं नेहमीचं मागणं. शेवटी म्हटलं, आई, त्या पोरीचा हट्ट असाच राहू दे. पुजाऱ्यानं ऐकलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे. शेंगदाण्याची चिक्की पावशेर घेतली आणि घरी आले.

पार्सल अजून माळ्यावर आहे. मंडळात विचारतात, काय करायचं त्याचं? मी म्हणते, थांबा. अर्चनाला फोन केला तर ती एवढंच सांगते, "अहवाल गेला आहे काकू." दुसऱ्याच्या घरातलं ती बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. वाडीत फोनला रेंज नाही, पण पोस्टमन जातो. म्हणून काल मंगलच्या पत्त्यावर पत्र टाकलं. त्याचा शेवट असा लिहिला आहे:

"साक्षीबाळ, तू घरी राहायला आलीस की हे पत्र आईला वाचून दाखव. अभ्यासाचं मी विचारत नाही, ते सगळेच विचारतात. आईशी भांडलीस का, कशावरून, रुसून किती वेळ बसलीस आणि शेवटी कुणी कुणाला घास भरवला, ते सविस्तर लिही. माझा पत्ता घातलेलं कार्ड सोबत जोडलं आहे. उलट टपाली कळव."