रेसची चाकं

माझ्या भावाकडे सायकल घेऊन येणाऱ्याला आधी बोलणी बसतात, मग हवा मिळते. तरी लोक येतात. टायर बघून तो माणूस ओळखतो. मागचा टायर माथ्यावर सपाट झाला असेल, तर माणूस घरातच सायकल स्टँडला लावून पेडल मारतो आणि बाहेरच्या वाऱ्याला घाबरतो. टायर कोरा आणि बाकी सायकलवर बोटभर धूळ असेल, तर माणूस नुसता बोलतो. दादाच्या मते असे बोलणारे सगळ्यात जास्त असतात आणि हवा भरायला सगळ्यात आधी तेच येतात.

एका शटरचं दुकान आहे. समोर शिंपी, शेजारी चष्मेवाला. काउंटरला मी बसते, आणि अडलंनडलं तर पंक्चरही काढते. येणारे बहुतेक ट्रायथलॉनवाले, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकाच दिवशी, एकामागून एक करणारे. त्यांच्या सायकलीही वेगळ्याच. हँडलला पुढे दोन शिंगं असतात, त्यांवर कोपरं टेकून माणूस असा वाकतो की नाक पुढच्या चाकाला लागेल. आमची आई चालतीफिरती होती तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना बघायची. एकदा म्हणाली, "हे एवढे वाकून शोधतायत तरी काय? सापडलं तर मलाही सांगा."

टायर कधी बदलायचा यावर दादा तासभर बोलू शकतो, आणि मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. टायरच्या माथ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन खड्डे असतात. ते दिसेनासे झाले की टायर संपला. आतला धागा दिसला, तर कालच बदलायला हवा होता. पंधरा दिवसांत तीन पंक्चर झाली तर खिळ्यांना शिव्या देऊ नका, टायर पातळ झालाय. दोनांतला चांगला टायर नेहमी पुढे. "मागचा गेला तर उशीर होतो, पुढचा गेला तर दात जातात," हे तर त्याचं ठरलेलं वाक्य. आणि शेवटची गोष्ट, जी कुणालाच पटत नाही. टायर न वापरताही मरतो. रबर आपोआप सुकतं. बाजू दुमडून बघायची, टाचेला पडतात तशा भेगा दिसल्या की माथा कितीही कोरा असू दे, फेकायचा. टायरला पाच वर्षं झाली की दादा कुणाचं काही ऐकत नाही.

लोक म्हणतात, "पण हा मी वापरलाच नाही. रेससाठी जपून ठेवला होता."

"तुम्ही जपलात हो. त्याला कुठे माहीत होतं?" दादा म्हणतो.

वाद नको म्हणून त्याने एक पद्धत ठेवली आहे. टायर बसवताना तो आतल्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलीने तारीख लिहितो. बाहेरून काही दिसत नाही. टायर उतरवला की तारीख समोर येते आणि गिऱ्हाइकाचं तोंड बंद होतं. लोक टायरच्या वयाबद्दल किती खोटं बोलतात ते मी या काउंटरवर बसून शिकले.

दादाला स्वतःला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मोठी रेस एकदा, फक्त एकदा, वेळेत पूर्ण करायची. जवळजवळ चार किलोमीटर पोहणं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि वर बेचाळीस किलोमीटर धावणं. नंबर नको होता, पदक तर सगळ्यांनाच देतात. ती शेवटची कमान त्याला स्वतःच्या पायांनी ओलांडायची होती. दुकानातले निम्मे लोक त्याने तयार केलेल्या सायकलींवरून ती ओलांडून आले होते आणि येऊन त्यालाच सांगत होते की कसं वाटतं.

पहिल्या खेपेला पाण्यातच पोटऱ्या आखडल्या आणि त्याला होडीत घालून आणलं. दुसऱ्या खेपेची गोष्ट मला सांगायला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आठ वर्षांपूर्वी तो दोन वर्षं तयारी करून रेसच्या गावी गेला. रेसच्या आदल्या दुपारी आई न्हाणीघरात पडली. मी त्याला फोन केला. वहिनी माझ्या हातातून फोन घ्यायला बघत होती. "अगं, राहू दे त्यांना. मी आहे, तू आहेस, गाडी येतेच आहे," असं म्हणत होती. खरं सांगायचं तर आम्ही दोघी पुरेशा होतो. पण आईचा पाय नको त्या बाजूला वळलेला दिसत होता आणि मला भीती वाटली. मी म्हटलं, "दादा, तू ये. तू आल्याशिवाय मी काही करणार नाही." तो आला. येईपर्यंत आई हॉस्पिटलात दाखल होऊन, औषध घेऊन झोपलीसुद्धा होती. दादा बाकावर बसून राहिला. त्याच्या दंडावर रेसवाल्यांनी शाईने लिहिलेला नंबर होता. नर्सने विचारलं हे काय, तर म्हणाला, "काही नाही, धुतलं की जाईल." चार दिवस गेला नाही.

त्यानंतर आई सहा वर्षं पलंगावर होती. तिला उचलणं, कुशीवर वळवणं हे दादाचं काम. त्याची रेसची चाकं, ती हलकी, काळी, खोल रिमची जोडी, जुन्या चादरीत गुंडाळून त्याच्या पलंगाच्या वर दोन खिळ्यांना टांगलेली असायची. महिन्यातून एकदा उतरवून पुसायचा, हवा बघायचा, परत टांगायचा. वहिनी चादर बदलताना म्हणायची, "अहो, एकदा फिरवून तरी आणा. भिंतीवर चाकं फिरत नसतात." तो म्हणायचा, "रेसची आहेत ती."

आई गेली. मग पुन्हा दोन वर्षं तयारी. आणि या वर्षी गुडघा. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला आणि दादाला ओळखणाऱ्या माणसासारखं स्पष्ट सांगितलं, "एवढी करून घ्या. यानंतर धावणं बंद. ऐकलं नाहीत तर काठी घेऊन चालाल." दादा त्रेपन्न वर्षांचा आहे. घरी येऊन त्याने आम्हाला अगदी खुशीत सांगितलं, "डॉक्टर एक रेस देतायत." जसं काही डॉक्टरांनी बक्षीसच दिलं होतं.

या वेळी मी आणि वहिनी दोघी बरोबर गेलो. लॉजच्या खोलीत दोन पलंग, एक खुर्ची आणि मधे सायकल. बसायला जागा नव्हती म्हणून वहिनी खिडकीत बसली. दादाने चादर सोडली, चाकं बसवली, हवा भरली. वहिनीने विचारलं, "टायर बघितलेत का?"

"कोरे आहेत. खड्डे जसेच्या तसे आहेत," तो म्हणाला.

ते खरंच होतं. मीही बघितलं. आई गेल्यावर त्याने केव्हातरी नवे बसवले असणार असं मी धरून चालले होते. लोकांना पाच वर्षांवर एक दिवस न देणारा माणूस स्वतःला कशाला देईल? मग मी बघितलं की त्याने मागच्या टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळी पूड लागली. त्याने अंगठ्याकडे बघितलं आणि तो पँटला पुसला. मी म्हटलं, "खाली दुकानं लागली आहेत रेसवाल्यांची. घेऊ या का टायर?" तो म्हणाला, "रेसच्या दिवशी नवीन काही नाही." हाही त्याचाच नियम. बूट, चष्मा, खाणं, काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही, असं तो सगळ्यांना बजावतो. मी विषय सोडला. मी चौदा वर्षं टायरच्या दुकानात आहे, ती पूड कसली ते मला कळायला हवं होतं. रेसच्या नादात मला काही सुचलं नाही, असं मी आता स्वतःला सांगते.

सकाळी सातला सगळे पाण्यात उतरले. दादा पाण्यातून वर आला तेव्हा हसत होता. सायकलवर बसताना त्याने आम्हाला हात केला. सायकल संध्याकाळी साडेपाचच्या आत परत आणायची, नाहीतर पुढे धावायला सोडत नाहीत, हा रेसचा नियम. दुपारी तो एकदा आमच्या समोरून गेला, तेव्हा हिशेबाने पाऊण तास हातात होता. वहिनीने पिशवीतून रुमाल काढून डोळे पुसले आणि मला म्हणाली, "या वेळी होतंय बघ."

पुढचं नंतर समजलं. तीस किलोमीटर उरले असताना मागचा टायर बाजूने फाटला, बोटभर लांब. त्याने ट्यूब बदलली, पण फाटीतून ट्यूब फुगा होऊन बाहेर यायला लागली. आत टेकू द्यायला काहीतरी घट्ट हवं होतं. धावताना छातीवर लावायचा नंबराचा कागद त्याच्या खिशात होता. तो न फाटणारा, कापडासारखा असतो. त्याने त्याची चौघडी केली आणि आत घातली. नऊ किलोमीटर चाललं. मग दुसरी ट्यूबही गेली. मदतीची गाडी येईपर्यंत तो सायकल हातात धरून, मोजे घालून रस्त्याने चालत होता, कारण त्या बुटांनी चालता येत नाही. गाडीवाल्याने ट्यूब दिली. टायर त्याच्याकडेही नव्हता. दादाने तोच कागद पुन्हा आत नीट बसवला आणि उरलेलं अंतर चढावर चालवतात तशा वेगाने काटलं.

साडेपाचला दोरी बांधली. आम्ही दोरीच्या अलीकडे उभ्या होतो. पाच वाजून एकोणचाळीस मिनिटांनी तो वळणावरून आला. दोरी बघून त्याने आपणहून सायकल थांबवली, कुणाला अडवायलाही लागलं नाही. एक बाई त्याच्यापुढे वाकून घोट्याचा पट्टा सोडवायला लागली, ज्यात वेळ मोजायचं यंत्र असतं. ती सारखी सॉरी म्हणत होती. दादाने तिच्यासाठी पाय थोडा वर धरला. वहिनी म्हणाली, "नऊ मिनिटं हो. नऊ मिनिटांनी काय होतंय?" दादा म्हणाला, "मागचा गेला तर उशीर होतो." आणि त्याने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

याला आता दोन महिने झाले. दादा दुकानात असतो. गुडघ्यामुळे स्टुलावर बसून काम करतो. लोक येऊन म्हणतात, पुढच्या वर्षी करा की. तो हो म्हणतो. पोहायला जाणं त्याने बंद केलंय. सकाळी उठून पलंगावर बसून राहतो, असं वहिनी सांगते. वर दोन खिळे आहेत, त्यांना काही टांगलेलं नाही.

गेल्या आठवड्यात म्हणाला, "त्या चाकांचे टायर उतरव. रिम चांगल्या आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

मी मागचं चाक मांडीवर घेतलं आणि टायर काढायच्या पट्ट्यांनी तो सोडवला. आधी चौघडी केलेला नंबराचा कागद पडला. तो मी बाजूला ठेवला. टायर उलटा केला तर पांढऱ्या पेन्सिलीने तारीख होती, दादाच्याच अक्षरात. आई पडली त्याच्या तीन दिवस आधीची.

मी ती दोनदा वाचली. मग म्हटलं, "दादा, हा तेव्हाचाच टायर आहे."

"हं."

"मला वाटलं, तू नंतर बदललास."

"त्याच रेससाठी बसवला होता," तो म्हणाला. "ती झाली कुठे? मग बदलू कशाला?"

माझ्या हातात टायर होता आणि मला तो खाली ठेवताही येईना. आठ वर्षं जे गिळून बसले होते ते तोंडातून बाहेर आलं. "मी तुला बोलवायला नको होतं. वहिनी होती, मी होते. आम्ही केलं असतं."

"हो, केलं असतंत," तो म्हणाला. "मला माहीत होतं तेव्हाही."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. समोरचा शिंपी बघत होता, त्याने मान खाली घातली. दादा स्टुलावरून उठला, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या हातातून टायर घेतला. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवेल. त्याने टायरची बाजू माझ्यासमोर धरून दुमडली, गिऱ्हाइकांना दाखवतो तशी. सगळ्या भेगा एकदम उघडल्या.

"हे बघ. असं दिसलं की बदलायचा," तो म्हणाला. "मला लॉजवरच दिसलं होतं."

मग त्याने तो टायर दाराजवळच्या जुन्या टायरांच्या खिळ्याला अडकवला आणि मला सांगितलं की पुढचाही उतरव.