चारशे दोनचा फ्रिज

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे लिफ्ट बंद पडली की ज्याची बेल वाजते तो माणूस. टिटवाळ्याच्या आमच्या सात मजली बिल्डिंगमध्ये हे काम मी नऊ वर्षं करतोय. पगार नाही, मान तर अजिबातच नाही. मिळतात ते किस्से! "सेक्रेटरी, एक मिनिट हं," म्हणत लोक जिन्यात अडवतात आणि अर्ध्या तासाचा ऐवज देऊन जातात. इतके साठलेत की बायको म्हणते, माळ्यावर जागा नाही आता. त्यातले वीजबचतीचे तेवढे सांगतो. ते आठवले की मी एकटाच हसतो, आणि मग थोडी लाजही वाटते.

सुरुवात केली आमच्या चेअरमननी, परांजपे सरांनी. सर रिटायर्ड गणिताचे शिक्षक. शुद्ध बोलणार, शुद्ध रागावणार. एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "मे महिन्यात ज्या सदनिकेचे युनिट सर्वांत कमी, त्या सदनिकेस पाच स्टारचा फ्रिज बक्षीस!" फ्रिज देणार होता कल्याणचा एक दुकानदार. बदल्यात गेटवर त्याचा बॅनर, त्याच्या फोटोसकट.

सरांनी सतरा नियम लिहून नोटीस बोर्डावर लावले. कोणी काही विचारलं की एकच उत्तर, "नियमात लिहिलंय का?"

त्या मीटिंगमध्ये फक्त एका बाईने फ्रिजची उंची-रुंदी विचारली. पहिल्या मजल्यावरच्या वाघमारे काकू. कल्याणच्या एका हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या सिस्टर. त्यांचा फ्रिज पंचवीस वर्षांचा. दाराचं रबर गेलेलं, म्हणून दार साडीच्या काठाने बांधलेलं. कॉम्प्रेसर सुरू झाला की दुसऱ्या मजल्याला कळायचं. पण आत वाघमारे काकांचं इन्सुलिन असायचं, त्यामुळे तो बंद ठेवणं शक्य नव्हतं. पेन्शन औषधातच जायची.

मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, हा फ्रिज मला पाहिजे. शोभेला नको, ह्यांच्यासाठी पाहिजे."

मी म्हटलं, "काकू, तुमचा जुना फ्रिजच सगळे युनिट खातो. तुम्ही जिंकणार कशा?"

"तेच तर! नवा असता तर जिंकले असते. आणि जिंकल्याशिवाय नवा येत नाही." असं म्हणून त्या खळखळून हसल्या. मला काही हसू आलं नाही.

*

तिसऱ्या मजल्यावरचे भोईर इथलेच, जमीनवाले. त्यांनी बक्षिसाची वाट न बघता थेट पाच स्टारचा मोठा फ्रिज आणला. पंधरा दिवसांनी जिन्यात मला धरलं.

"सेक्रेटरी, फसवलं आपल्याला! पाच स्टार आणला तरी युनिट वाढले."

मी बघायला गेलेलो. किचनमध्ये नवा फ्रिज, एकदम झकास. गॅलरीत जुना, तोही घरघर करत चालू!

"हा कशाला चालू ठेवलाय?"

"ह्याच्यात पाण्याच्या बाटल्या आणि बोंबील. नव्याला वास लागल ना!"

"अहो, मग दोन फ्रिज झाले की."

भोईरांनी गॅलरीतून किचनकडे बघितलं. मग म्हणाले, "पण त्यातला एक तर पाच स्टार हाय ना?"

*

दुसऱ्या मजल्यावरचा सावंत बँकेत आहे. हिशेबी माणूस. घरातली सगळी इस्त्री त्याने बंद केली. दर रविवारी मोठी सुटकेस भरून तो डोंबिवलीला सासुरवाडीला जायला लागला.

पहिल्या रविवारी सासूबाई हरखल्या. जावई बॅग घेऊन आले, म्हणजे राहायला आले! पुरणपोळीचा घाट घातला. जावयांनी बॅग उघडली, सव्वीस शर्ट काढले आणि म्हणाले, "आई, प्लग कुठे आहे?"

दुसऱ्या रविवारी वरण-भात मिळाला. तिसऱ्या रविवारी सासऱ्यांनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "जावईबापू, आमच्याही सोसायटीत स्पर्धा लागलीय."

*

खुद्द सरांच्या घरी तर आणीबाणीच होती. त्यांनी कमी वीज खाणारे चार नवे पंखे आणले. चारही पंख्यांना एकच रिमोट चालायचा, म्हणून बाकीचे तीन रिमोट त्यांनी कुलपात ठेवले. उरलेला एक हरवू नये म्हणून हॉलच्या खिडकीला सुतळीने बांधला, बँकेतल्या पेनासारखा. बेडरूममधला पंखा वाढवायचा तर वहिनींनी खिडकी उपटून न्यायची का?

त्यात फ्रिजच्या दाराला तक्ता चिकटवला. दिवसातून चार वेळाच दार उघडायचं, आणि दरवेळी तक्त्यावर रेघ मारायची.

वहिनींनी विचारलं, "आणि पाचव्यांदा दूध लागलं तर?"

"उद्या."

सर स्वतः कधी फ्रिज उघडत नाहीत. त्यांना पाणीसुद्धा हातात लागतं. त्यामुळे तक्त्यावरच्या सगळ्या रेघा वहिनींच्या! वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण चाळीस वर्षं संसार केलेली बाई गप्प बसली, की आपण सावध व्हावं.

*

माझ्या बायकोचं म्हणणं, ह्यात तुमचाही किस्सा सांगा. सांगतो. आमचं वॉशिंग मशीन मी 'इको'वर लावलं. एक तास झाला, दोन तास झाले, मशीन आपलं डुलतंय. एवढा वेळ चालतंय म्हणजे किती वीज खात असेल, म्हणून मी धावत जाऊन मधेच बंद केलं. दार उघडेना. आत माझी एकुलती एक ऑफिसची पँट! मी त्या दिवशी लग्नातली शेरवानीची सलवार घालून ऑफिसला गेलेलो. मॅनेजरने सगळ्यांदेखत अभिनंदन केलं.

*

दोन मेला वाघमारे काकूंचा फ्रिज गेला. मेकॅनिक आला, पाठ थोपटावी तशी फ्रिजची बाजू थोपटून निघून गेला. मी घाबरत घाबरत वर गेलो, तर काकू आनंदात!

"सेक्रेटरी, आता बघा कसे युनिट उतरतात!"

"पण काकांचं इन्सुलिन?"

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. मोठं मडकं, त्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात स्टीलचा डबा. "मी पस्तीस वर्षं नर्स होते. महिनाभर निभावेल. जन्मभर नाही."

तो महिना त्या बाईने कसा काढला ते मी बघितलंय. टीव्ही बंद, कपडे हाताने, दुपारी भाजी निवडायला जिन्याच्या पायरीवर, कारण तिथे वारा यायचा. पंखा फक्त काकांपुरता. दर दोन तासांनी उठून वाळूवर पाणी शिंपडायच्या. काका म्हणायचे, "अगं, नको तो फ्रिज. ये, पंख्याखाली बस." त्या म्हणायच्या, "दहाच दिवस राहिले."

बिलं आली. वाघमारे, एकोणीस युनिट! दुसरा नंबर सत्तर युनिटांच्याही वर होता. मी पेढे आणायला निघालेलो, तेवढ्यात सरांनी चष्मा सारखा केला.

"चारशे दोन, देशमुख. शून्य युनिट."

"सर, तो फ्लॅट बंद असतो! देशमुख ठाण्याला, माजिवड्यात राहतात. इन्व्हेस्टमेंटसाठी घेतलाय."

"नियमात लिहिलंय का, की राहायला हवं? शून्य हीसुद्धा संख्याच आहे."

सतरा नियम. त्यात हा एक नव्हता. काकूंनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी. मला त्या दिवशी खरंच रडायला येत होतं.

मी देशमुखांना फोन केला. सगळं सांगितलं, म्हटलं, काकूंना द्या. ते म्हणाले, "छे हो! टिटवाळ्याच्या बाप्पाचा प्रसाद, तो कसा नाकारायचा? अंगारकीला दर्शनाला येईन, तेव्हा टेम्पो आणतो."

अंगारकी अजून चार महिने लांब होती. फ्रिज खोक्यासकट लॉबीत उभा राहिला.

*

सरांना यशाची चव लागलेली. त्यांनी जूनचीही फेरी जाहीर केली. आणि जुलैत काय चमत्कार! जूनचं प्रत्येक घराचं बिल धाडकन उतरलेलं. भोईरांचंसुद्धा! पहिला नंबर, सातशे एक, परांजपे. सरांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव बोर्डावर लिहिलं आणि खाली लाल पेनने 'शिस्तीचे फळ'.

वाढलं होतं ते फक्त एक बिल, सोसायटीच्या कॉमन मीटरचं.

"लॉबीत गळती आहे," सर म्हणाले, आणि मला घेऊन खाली आले. दिवे बघितले, पंप बघितला, लिफ्ट बघितली. मी सगळीकडे मान डोलावत होतो. शेवटी त्यांचं लक्ष खोक्याकडे गेलं. खोकं अगदी हलकेच गुणगुणत होतं.

सर पुढे झाले. खोक्याचा पुढचा भाग ब्लेडने नीट कापलेला होता, दारासारखा. त्यांनी तो बाजूला केला, फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात स्टीलचा डबा, त्यावर चिठ्ठी, 'औषध. हात लावू नये.' त्याखाली भोईरांचे बोंबील, घट्ट झाकणाच्या डब्यात. सावंतचं दही. आमचं पन्हं. प्रत्येक भांड्यावर फ्लॅट नंबर.

"हे कुणाचं कारस्थान आहे?"

"माझं," मागून आवाज आला. वाघमारे काकू जिन्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. "ह्यांच्या औषधापुरता लावला होता, सर. मग एकेकाने विचारलं. नाही कसं म्हणायचं?"

"सेक्रेटरी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी पन्ह्याकडे बघत राहिलो.

"हा प्लग मी आत्ता काढतोय," सर म्हणाले, आणि खरंच वाकून त्यांनी प्लगला हात घातला. काकू उठून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. परांजपे वहिनी बाहेर आल्या, हातात झाकण ठेवलेलं पातेलं. त्यावर चिठ्ठी, सातशे एक.

"अहो, बाजूला व्हा जरा," वहिनी म्हणाल्या. "तुमचंच आम्रखंड आहे."

काकूंनी फ्रिजचं दार उघडून धरलं. "वहिनी, रोजचाच कप्पा. वरच्याला धक्का नको."

सरांनी प्लगवरचा हात काढला.