काकांचं पितळी कुलूप

माझ्या चुलतसासऱ्यांइतका माणसांवर अविश्वास आणि विजेच्या खटक्यावर विश्वास ठेवणारा माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत दुसरा झाला नसेल. नवरा-बायकोच्या भांडणात ते कधी कोणाची बाजू घेत नसत, पण घरातला एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा खटका, पडला की क्षणात त्याचं वकीलपत्र घेत. "तो उगाच नाय पडत बाय, तुमीच कायतरी केला असंल." लग्न झाल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या माहेरच्यांनासुद्धा ते पाठ झालं. काका मोरिवलीचे, आणि आयुष्यभराची नोकरी आनंदनगरच्या एका कारखान्यात, मशिनं दुरुस्त करणाऱ्या खात्यात. निवृत्त होताना माणसं भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात, हे तिथली सगळी शिस्त घेऊन आले. पाहुणे म्हणून आले तरी चहाच्या आधी आमच्या मिक्सरचा प्लग हुंगणार. पुतणीच्या लग्नात मांडववाल्याने उघड्या वायरी सॉकेटात काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेल्या त्यांना दिसल्या. मंगलाष्टकं थांबली, हार हातात धरून नवरा-नवरी ताटकळली, आणि प्लग आणून लावल्यावरच काकांनी भटजींना पुढे चालू द्यायची परवानगी दिली. मुलाकडची माणसं अजून तो विषय काढतात.

तर कपडे वाळवायच्या त्या मशीनची गोष्ट. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. आमचं घर अंबरनाथला लागूनच्या कॅम्प पाचमध्ये, बाल्कनी म्हणाल तर दोन कुंड्यांची. पावसाळ्यात दिवसाला चार चादरी धुवायच्या आणि वाळवायच्या कुठे? ओलसर चादर घातली तर त्यांच्या पाठीला जखम व्हायची भीती. म्हणून हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून आम्ही ड्रायर घेतला. पहिल्याच दिवशी वीस मिनिटं फिरला, आणि एमसीबी पडला. वर केला, पुन्हा वीस मिनिटांनी पडला. चादरी अर्ध्या ओल्या, मी पूर्ण घामाघूम.

नवऱ्याने काकांना फोन केला, ही त्याची चूक. काका स्कूटरवरून आले आणि चौकशी आयोग बसवावा तसे बसले. "लगेच पडतंय का गरम झाल्यावर?" "फ्रिज चालू होता?" "इस्त्री?" मला एक वही दिली आणि आठवडाभर सगळं लिहून ठेवायला सांगितलं. एक दिवस गरम न करता नुसता फिरवायचा, एक दिवस फ्रिज बंद ठेवून. इकडे घरभर दोऱ्या बांधून त्यावर चादरी, जेवताना वरणात थेंब, आणि हे सद्गृहस्थ माझी वही वाचून "हं" म्हणतात! मशीन दुरुस्त करायला माणूस बोलावला होता की परीक्षा घ्यायला?

शेवटी माझं डोकं फिरलं. काकांना न सांगता मी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने एका नजरेत निदान केलं. "भाभी, एमसीबी दस अँपियर का लगा है. बत्तीस का डाल देता हूँ, फिर देखो कैसे गिरता है." किती सोपं! तो स्टुलावर चढला, आणि दारात काका.

"खाली उतर."

एवढंच बोलले. एमसीबी खाली पाडला, पेटीचं झाकण लावलं, त्याला स्वतःच कधीतरी बसवलेल्या कडीत खिशातलं पितळी कुलूप अडकवलं. वर लाल पत्रा टांगला, 'माणूस काम करतोय, चालू करू नये.' चावी शर्टाच्या खिशात टाकली आणि चक्क मोरिवलीला जेवायला निघून गेले! त्याच लाइनवर सासूबाईंच्या खोलीतला पंखा. मी फोनवर ओरडले, "काका, आई उकडून निघतायत, काही वाटतं का तुम्हाला?" तिकडून शांतपणे, "माहीत हाय. येतंय." असा संताप आयुष्यात कधी आला नव्हता. हातोडी घेऊन कुलूप फोडायलाच निघाले होते.

तेव्हा आईंनी पलंगावरून हाक मारली. "नको गो फोडू. कारखान्यात त्याचा जोडीदार मशिनीत उतरला होता, बाहेरच्यांनी खटका चालू केला. तवापासून तो कुलूप घालतो."

मी हातोडी खाली ठेवली.

काका तासाभरात जाड वायरचं बंडल घेऊन परतले. ड्रायर लावला त्या पॉइंटला आमच्या जुन्या वायरमनने पंख्याची बारीक वायर जोडली होती, मशीन तापलं की तिला भार झेपत नसे, आणि ती जळू नये म्हणून एमसीबी पडे. काकांनी वायरीवरची भिंतीतली पट्टी उचकटली. वायर तपकिरी होऊन चुरत होती, आणि तो जोड होता बरोबर आईंच्या उशामागे. बत्तीसचा एमसीबी पडला नसता. वायर पेटली असती, आणि आईंना कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. कामाला अख्खा दुसरा दिवस गेला, आणि तेवढा वेळ त्यांनी मधूनमधून पक्कड ठेवून पुठ्ठ्याने आपल्या वहिनीला वारा घातला. कुलूप काढलं ते सगळं झाल्यावरच, तेही मला बाजूला उभं करून.

त्या ड्रायरमध्ये वाळलेल्या कोरड्या चादरीवर आई पुढे दोन वर्षं झोपल्या, आणि शांतपणे गेल्या. काका आता बदलापूरला मुलीकडे असतात. मोरिवली कुठे ते त्यांना सांगता येत नाही, मला ते कधी पुतणी समजतात, कधी नर्स. परवा गेले होते तेव्हा लाइट गेले आणि त्यांची नात घाबरून रडायला लागली. काका उठून बसले, शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. ते पितळी कुलूप आमच्याकडेच राहिलं होतं; गेल्या खेपेला त्याची चावी मीच त्यांच्या खिशात ठेवली होती, राहू दे म्हणून.

"भिऊ नको बाय," ते म्हणाले, "चावी माझ्याजवल हाय."